लाल तेल

"ही घे. आता तूच चालव," असं म्हणत जुमादिलने गाडीची चावी मुलापुढे, चहाच्या वाटीशेजारी ठेवली.

कुबातच्या तोंडातला तळलेल्या बोरसोकचा घास तसाच राहिला. "का हो अताके?" त्याने बापाला विचारलं. "काय झालं?"

"चढ लागला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. मग एकदम हिसका. काल खिंडीच्या अलीकडे ट्रकवाला शिव्या देऊन गेला. म्हणे, 'येत नाही तर घरी बस, म्हाताऱ्या!' जन्मभर नारीनच्या रस्त्यावर बस हाकली मी." त्याने वाटी उचलली, न पिताच खाली ठेवली. "गाडीत काही खोट नाही. माझंच वय झालं."

बुरुलने सासऱ्याची वाटी पुन्हा भरली आणि नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत सुटकेचा आनंद होता. म्हाताऱ्याने गाडी सोडावी म्हणून दोघं कधीपासून त्याच्या मागे लागली होती.

कुबातने मान खाली घातली. गेल्या आठवड्यात गिअरबॉक्सचं तेल त्यानेच बदललं होतं. जुनी जपानी ऑटोमॅटिक गाडी; कुठलं तेल लागतं ते तेल मोजायच्या पट्टीवरच कोरलेलं. "ते परवा येईल, थांब," दुकानदाराने बजावलं होतं. पण कुबातला मेव्हण्याच्या लग्नाला पोचायची घाई. त्याने दुसरंच उचललं. तेही लालच तर होतं.

दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता त्याने ते सगळं काढून टाकलं, योग्य तेल भरलं, आणि बापाला शेजारी बसवून खिंडीचा रस्ता धरला. चढ आला. गिअर कधी बदलला ते कळलंसुद्धा नाही.

"बघ!" जुमादिल म्हणाला. "तुझ्या हाताचं कसं निमूट ऐकते."

"अताके, ते तेल..."

"तेल बदललंस ना? पाहिलं मी. चांगलं केलंस." म्हातारा हसला. "माझं वय कुठल्या दुकानातून बदलून आणशील?"

खरं काय ते कुबातच्या ओठांवर आलं होतं. बुरुलचा चेहरा आठवला, आणि त्याने ते गिळलं.

पुढे वळण आलं. शेजारच्या सीटवर म्हाताऱ्याचा उजवा पाय आपसूक पुढे सरकला आणि जिथे ब्रेक नव्हता, तिथे चटईवर घट्ट दाबून राहिला.