गुरूला लावलेला फोन

"माझा प्रोग्राम लॅपटॉपवर झकास चालतोय रे गुरू, सर्व्हरवर चढवला की मुकाट बसतोय," बायको फोनवर म्हणाली आणि हसली.

नवरा शेजारीच बसून धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होता. गुरू म्हणजे तिच्या जुन्या ऑफिसातला मित्र. नवराही त्याच धंद्यातला, कम्पायलरशी डोकं लावून केस पिकवलेला, आणि घरात हजर. तरी फोन लागला गुरूला. नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"दोन्हीकडचे फ्लॅग पडताळून बघ," स्पीकरवरून गुरू म्हणाला.

फ्लॅग म्हणजे प्रोग्राम तयार करताना कम्पायलरला द्यायच्या सूचना; एवढं तर शेंबडं पोरही सांगेल, नवऱ्याच्या मनात आलं.

दुपारी ग्राहकाला प्रोग्राम दाखवायचा होता. नाही चालला तर काम हातचं जाणार होतं. बायको एकेक फ्लॅग मोठ्याने वाचू लागली. मध्येच एका फ्लॅगवर नवऱ्याचे कान टवकारले. फक्त सर्व्हरवर असलेला तो फ्लॅग प्रोग्राममधल्या तपासणीच्या सगळ्या ओळी गाळून टाकतो. आणि बाईसाहेबांनी फाइल उघडायचं काम तपासणीच्याच ओळीत लिहिलेलं असणार. ओळ गेली, तिच्याबरोबर कामही गेलं. पण तो बोलला नाही. जिरू दे गुरूची, म्हणून मोज्यांत डोकं घालून बसला.

गुरू मेमरीकडे वळला, मग आणखी कुठे कुठे. बायकोचा आवाज रडवेला झाला. "गुरू, काम जातंय रे माझं."

ते मात्र नवऱ्याला ऐकवेना. उठून त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "हा काढून बघ."

तिने काढला. प्रोग्राम पुन्हा बिल्ड केला. सर्व्हरवर तो गुमान चालू लागला.

"तुला माहीत होतं?"

"विचारलं असतंस तर लगेच सांगितलं असतं! घरात माणूस बसलाय आणि तू त्याला फोन लावतेस."

"त्याला कधीकधी उत्तर येत नाही," ती हळू म्हणाली, "पण विचारायला भीती वाटत नाही. तुला विचारलं की आधी माझं काय चुकलं ते ऐकावं लागतं."

"मी? कधी असं केलंय मी?" नवरा उसळला. "आणि मुळात फाइल उघडायचं काम तपासणीच्या ओळीत लिहितं का कुणी?"

स्पीकरवरून गुरूने हळूच विचारलं, "मी ठेवू का फोन?"