पहिला नग

"सांग ना रईसभाई, तू सीडी कोनाले देल्ली?"

मदीहानं पुन्हा पुन्हा विचारलं, तरी रईस खाली मान घालून कीबोर्डावरची धूळ पुसत राहिला. राजुऱ्याच्या बसस्टँडमागं त्याचं सायबर कॅफे. भर दुपार, गिऱ्हाईक एकही नाही. पडद्यावर परदेशातल्या गेम कंपनीच्या वकिलाचा मदीहाला आलेला ईमेल उघडा होता. भाषा मोठी अदबीची, पण मतलब सरळ गळा धरणारा. आमच्या खेळाचा दुसरा भाग तुम्ही परवानगीवाचून बनवला आहे. त्याची प्रत आमच्या हाती आली आहे. सगळ्या प्रती नष्ट करा आणि तसं सहीनिशी लिहून द्या. नाहीतर कोर्टात या.

मूळ खेळ तसा साधाच. हरवलेल्या भावाला शोधत एक पोरगी डोंगरात शिरते, एका बंद दारापाशी पोचते, आणि तिथं खेळ खतम. पुढचा भाग कंपनीनं काढलाच नाही. साऱ्या दुनियेनं त्या पोरीला दारात ताटकळत ठेवलं होतं. मदीहाला ते बघवेना. कॉलेजात गेल्यापासून ती एका जुन्या कॉम्प्युटरला चिकटली. लाइट गेली की कपाळ बडवायचं, आली की पुन्हा बसायचं. मोहल्ल्यातल्या पोरी मेंदी काढायला शिकल्या, ही बया दार उघडायला शिकली. तिच्या खेळात दारापलीकडं जवळच्या जिवती गावासारखे डोंगर होते, मोहाची झाडं होती, कोळशाची खाण होती, आणि खाणीच्या तळाशी तो भाऊ होता. खेळ पुरा झाला होता. पुढच्या आठवड्यात ती तो नेटवर टाकणार होती, सगळ्यांसाठी, फुकट. तोवर तिच्या कॉम्प्युटरबाहेर एकच सीडी होती, आणि ती तिनं चुका तपासायला रईसला दिली होती.

"म्या नाई टाकली नेटवर. अल्ला कसम."

"मंग कंपनीले काय सपन पडलं?"

रईसनं पडद्यावरचा ईमेल बंद केला. मग हळूच म्हणाला, "माहीच चूक समज."

समज म्हणे! सख्ख्या फुफूचा, आत्याचा पोरगा, लहानपणी एका ताटात जेवलेला, आणि त्यानंच गळा कापावा? मदीहाच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं त्याच्या टेबलावरची आपली सीडी उचलली, दोन्ही हातांनी वाकवून कडकन मोडली.

"आजपासून तू माह्यासाठी नाई," ती म्हणाली आणि निघाली.

रस्ताभर तिचं डोकं भणभणत होतं. लढायचं म्हटलं तर कोणाशी? सात समुद्रापलीकडच्या माणसांशी? बरं, एक प्रत गुपचूप लपवून ठेवावी, तर 'एकही शिल्लक नाही' असं लिहून द्यायचं होतं, आणि खाली सही करायची होती मदीहा अयूब शेख. त्या नावात अब्बा होते. तिचे अब्बा म्हणजे अयूब टेलर. उभ्या जन्मात त्यांनी गिऱ्हाइकाच्या कापडाची चिंधीसुद्धा मारली नव्हती. त्यांच्या दारात चोरीच्या आरोपाचा कागद आला असता तर माणूस हाय खाऊन मेला असता. अब्बांना यातलं काही म्हणजे काही कळू द्यायचं नाही, एवढंच आता तिच्या हातात होतं. इकडं आड, तिकडं विहीर.

घरी आल्या आल्या ती कॉम्प्युटरसमोर बसली. डोंगर गेले. मोहाची झाडं गेली. खाण गेली. दर वेळी ते मेलं यंत्र विचारायचं, खात्री आहे का? शेवटी तो भाऊ गेला, तेव्हा मात्र तिला हुंदका आवरेना. तोंडात ओढणी कोंबून ती रडली.

पुढच्या खोलीतली शिलाई मशीन थांबली. अब्बा गळ्यातली टेप काढत आत आले आणि तिच्या शेजारी बसले.

"बेटा, त्या कंपनीचं काई उत्तर आलं का?"

मदीहानं घाईनं तोंडातली ओढणी काढली. "कोनती कंपनी, अब्बा?"

"आता लपवून काय कराचं?" अब्बा लाजल्यासारखे हसले. "मीच पाठवला तुहा खेळ. रईसनं दुसरी सीडी बनवून देल्ली, जुन्या खेळाच्या डब्ब्यावरचा कंपनीचा पत्ता अन् तुहा ईमेल लिहून देल्ला. तो नाईच म्हने, मामू, पहिले मदीहाले इचारा. मी त्याले कसम घातली, तिले सांगू नको."

"पन काऊन, अब्बा?" कसंबसं तिनं विचारलं.

"काऊन म्हंजे? त्याइचंच पाहून शिकली ना तू? मंग शागीर्दाचा पहिला नग उस्तादाकडं जाते, बाजारात नाई. म्या पहिला सदरा शिवला, तो उस्तादाच्या समोर ठेवला. पसंत नाई पडला त उस्ताद वापस फेकते. पसंत पडला त ठेवून घेते. आपल्या धंद्यात यापेक्षा मोठा मान नाई, बेटा."

तिला एकदम रईसची ती खाली घातलेली मान दिसली. बोलला असता तर सुटला असता बिचारा.

अब्बा तिच्या तोंडाकडं बघत होते. परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखे, भीत भीत.

"त मंग? वापस केला का त्याइनं?"

मदीहानं ओढणीनं डोळे पुसले.

"नाई अब्बा," ती म्हणाली. "ठेवून घेतला."