त्या हिवाळ्याचा धूर

रविवारच्या जेवणाला बापाचा जुना दोस्त क्लिफ बसलेला असतानाच जनीननं विषय काढला, हे तिचं चुकलंच. पण क्लिफ दर रविवारी असतोच, मग काढायचा तरी कधी?

जनीन शहरातल्या विद्यापीठात असते. कुठल्या वीजकेंद्रानं कुठल्या वर्षी किती कार्बन वायू हवेत सोडला, याचा अंदाज बांधायचं तिचं काम. तेव्हा मोजत कुणीच नव्हतं. त्यामुळे किती वीज झाली आणि तिच्यासाठी काय जाळलं, यावरून उलटा हिशेब करायचा. आता ती आमच्या नदीपलीकडच्या केंद्रापाशी आली होती आणि खाणकामगारांच्या मोठ्या संपाच्या हिवाळ्यात अडकली होती.

त्या हिवाळ्याबद्दल गावात दुमत नाही. संप फोडून आणलेल्या कोळशाला केंद्रातल्या कामगारांनी हात लावला नाही, सगळी वीज तेलावर केली. त्यांचा पुढारी होता क्लिफ. जनीनचा बाप वॉल्टर तेव्हा खाणीत होता, पहिल्या दिवसापासून संपावर. कामगारांच्या क्लबात ही गोष्ट सांगताना त्याची छाती अजून फुगते.

आकडे जुळत नाहीत, असं जनीननं सांगितलं. आलेल्या तेलात तेवढी वीज होणंच शक्य नाही, आणि उरलेली कोळशाची धरली तर वायू कितीतरी जास्त निघतो. मग तिनं क्लिफला सरळच विचारलं, की नक्की काय जाळलंत?

एरवी क्लिफच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. त्यानं काटा खाली ठेवला. "वॉल्टर," तो म्हणाला, "मी तुला कितीदा सांगणार होतो..."

"तेल," वॉल्टर म्हणाला. "तेल लिही, पोरी."

"बाबा, ते खोटं होईल."

"मागच्या दारातून ते धुराडं दिसायचं मला. कोळशाचा धूर कसा असतो, ते खाणीतल्या माणसाला शिकवतेस?" त्यानं ग्रेव्हीचं भांडं क्लिफकडे सरकवलं. "आणि त्या हिवाळ्यात दर शुक्रवारी आपल्या दारात बटाट्याचं पोतं कोण टाकून जायचं? तेच खाऊन वाढलीस तू. तेल लिही."

जनीनला बापाची कीव आली आणि संतापही आला. आकडा बदलणं तिला जमणार नव्हतं. खरं लिहिलं, तर या वयात क्लिफला गावात कुणी विचारणार नव्हतं, आणि लहानपणापासून तिचा त्याच्यावर जीव होता. काय करावं ते तिला सुचेना. आणि भलतंच तोंडून निघून गेलं, "मग डेनिसकाकाला का नाही माफ केलंस?"

डेनिस वॉल्टरचा धाकटा भाऊ. घरात मूल आजारी होतं, म्हणून संप मिटायच्या थोडा आधी तो खाणीत परतला. संप फोडणाऱ्याशी आमच्या गावात कुणी बोलत नाही. वॉल्टरनं त्यानंतर त्याचं तोंड पाहिलं नाही. गेल्या ऑक्टोबरात याच गल्लीतून त्याची शवपेटी गेली, तेव्हा वॉल्टरनं खिडकीचा पडदा ओढून घेतला होता.

"कोण डेनिस?" वॉल्टर म्हणाला. इतकी वर्षं तो हेच म्हणत आला होता, आणि त्यापुढे कुणी बोलत नसे.

"तुझा भाऊ," क्लिफ म्हणाला.