दोन च

“चूक,” दाजी म्हणाले. “परत वाचूक सांग तेका.”

यज्ञेशने कळ दाबली. त्याच्या घरातल्या कॉम्प्युटरने पुन्हा ‘चांदणे’ हा शब्द उच्चारला आणि पुन्हा त्यातला च ‘चंद्रा’तल्या चसारखाच काढला. दाजींनी कपाळाला आठी घातली. चौतीस वर्षं मालवणात प्राथमिक शाळेत शिकवलेला माणूस. काचबिंदूने दृष्टी जाऊन चार वर्षं झाली होती, पण कान अजून वर्गातच होते.

यज्ञेश शेजारचा. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मे महिन्याच्या सुट्टीत घरी आला होता. कॉलेजात त्याला एक प्रोग्राम सापडला होता, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा. तो कुणा कंपनीचा नव्हता. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून तो लिहीत आणि ज्याला हवा त्याला तसाच देऊन टाकत. त्याला हिंदी येत होतं, मराठी येत नव्हतं. दाजींची बायको सुभद्राकाकी पेपर वाचून दाखवी, तेव्हा तिच्या चष्म्याला बारीक अक्षरं झेपत नसत आणि दाजींच्या वाट्याला फक्त मथळे येत. यज्ञेशने ठरवलं, या सुट्टीत दाजींना अख्खा पेपर ऐकवायचा.

त्याला वाटलं होतं, आठवड्याचं काम आहे. मग हे दोन च आडवे आले. चहातला वेगळा, चमच्यातला वेगळा. दोन जही तसेच. लिहायला एकच अक्षर, बोलायला दोन. काही नियम सापडले, पण नियमाबाहेरचे शब्द संपेनात. प्रोग्रामची देखरेख करणारा परदेशातला गृहस्थ मेलमधून विचारी, “तुमच्या भाषेत नक्की किती अपवाद आहेत?”

मग तो रोज सकाळी वही घेऊन दाजींच्या पडवीत बसू लागला. दाजी शब्द सांगत, तो दोन रकान्यांत लिहून घेई. दुपारी वीज असेल तेवढा वेळ ते शब्द प्रोग्राममध्ये भरी. संध्याकाळी पेनड्राइव्ह खिशात टाकून भरड नाक्यावरच्या सायबर कॅफेत जाई आणि दिवसाचं काम पाठवून देई. एकदा दाजी म्हणाले, “‘जग’ म्हणजे दुनिया. आणि ‘जग रे बाबा’ मधलो ‘जग’ येगळो. ह्या मशिनाक कसां कळतलां?”

“नाय कळाचां,” यज्ञेश म्हणाला. दाजी त्यावर बराच वेळ हसत होते. ते असे हसलेले काकीने खूप दिवसांत पाहिले नव्हते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात यादी दोन हजारांवर गेली आणि यज्ञेशने आपला जुना कॉम्प्युटर उचलून दाजींच्या टेबलावर आणून ठेवला. त्या दिवसाची बातमी त्याने आधीच उतरवून ठेवली होती. काकी हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. यज्ञेशने कळ दाबली. आवाज पत्र्यासारखा होता, पण शब्द मराठी होते. चोर चोरासारखा, चंद्र चंद्रासारखा. दाजी मान खाली घालून ऐकत होते. बातमी अर्धी झाली असेल.

“बरां वाचता,” ते म्हणाले. “बंद कर.”

यज्ञेशचा चेहरा उतरला. महिनाभराचं काम, आणि पाच मिनिटंही ऐकून घेतलं नाही. त्याने कॉम्प्युटर गप्प केला.

“दाजी, आवाज आवडलो नाय?”

“तसां नाय रे.” दाजींनी मान वर केली. “चार वर्सां झाली, जो येता तो माका कायतरी वाचून दाखवता. आता ह्यां पण दाखवतलां. माका मात्र कोण कायएक विचारणा नाय. ह्या महिन्यात तू विचारलंस.” मग त्यांनी हात पुढे करून कीबोर्ड चाचपला. “हेच्यातली चूक कोण काढता?”

“कोणीय. जेका गावता तो काढता नि पाठवता.”

“मगे माका लिवूक शिकय.”

सुट्टीचे उरलेले दिवस त्यात गेले. काकीने महत्त्वाच्या कळांवर गोंदाचे ठिपके वाळवून दिले, म्हणजे बोटांना खूण पटेल. दाजी एकेक अक्षर दाबत, मशीन ते बोलून दाखवी. चुकलं की दाजी स्वतःशीच चुकचुकत आणि पुन्हा दाबत. मेल कसा पाठवायचा तेही यज्ञेशने शिकवलं, इंटरनेटसाठी घरातल्या फोनची तार जोडून दिली आणि कॉम्प्युटर तिथेच ठेवून तो हॉस्टेलवर परतला. प्रॅक्टिकल्स, जर्नल, कॉलेजच्या लॅबमधली रांग, यांत तीन महिने गेले. मराठीकडे बघायला त्याला सवड झाली नाही. घरी फोन केला की आई सांगे, दाजी बरे आहेत, दिवसभर खोलीत काहीतरी टकटक करत असतात.

गणपतीच्या सुट्टीआधी लॅबमध्ये बसून त्याने मेल उघडला. देखरेख करणाऱ्या गृहस्थाचं पत्र होतं. मराठीची सुधारलेली यादी आली, प्रोग्राममध्ये घालून पाहिली, कुठे अडली नाही, पुढच्या आवृत्तीत घेतली. पाठवणाऱ्याचं नावही श्रेयनामावलीत तुझ्या नावाखाली घातलं आहे. फक्त यादीच्या वर त्याने तुमच्या लिपीत चार ओळी लिहिल्यात, त्या आम्हाला वाचता येत नाहीत. महत्त्वाची काही सूचना असेल तर कळव.

यज्ञेशने यादी उघडली. वर लिहिलं होतं :

‘यज्ञेशचे काम तपासले. दोन हजार एकशे बारा शब्दांपैकी त्रेचाळीस चुकले आहेत. मुलगा हुशार आहे, परंतु घाई करतो. पुढील वही वेळेवर तपासणीस पाठवावी.’