एकादशीचं पाणी

बाहेर गुडघाभर बर्फ साचला होता आणि खिडकीतल्या जास्वंदीची पानं पिवळी पडून गळत होती. वडिलांना भेटायला एडमंटनला आलेल्या शर्वरीनं कुंडीतल्या मातीत बोट खुपसलं. नुसता चिखल.

"बाबा, रोज पाणी घालता?"

"तुझी आई तर गेली," भालचंद्रराव म्हणाले. "तिचं झाड तरी तहानलेलं राहायला नको."

"थंडीत ते झोपलेलं असतं. अशानं मुळं कुजतील. आई हिवाळ्यात फक्त एकादशीला पाणी घालायची. उपास आला की तिला झाडाची आठवण व्हायची."

बायकोच्या एकादशीची भालचंद्ररावांनी चाळीस वर्षं थट्टा केली होती. मुद्दाम त्याच दिवशी तिच्यासमोर बसून ऑम्लेट खाल्लं होतं.

शर्वरी गेल्यावर त्यांनी कॅलेंडर काढलं. एकादशीला आठ दिवस होते. रोज सकाळी ते पेला भरून कुंडीपाशी जायचे आणि भरलेलाच परत आणायचे.

एकादशीला त्यांनी अर्धा पेला पाणी घातलं. मग सवयीनं तवा तापत ठेवला आणि अंडं हातात घेतलं.

त्यांची नजर खिडकीतल्या जास्वंदीकडे गेली. मग शेगडी बंद करून त्यांनी अंडं पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून दिलं.