तीस सेकंदांची शांतता

"सिनेमा डोळ्यांनी नाही, कानांनी पाहायचा असतो. ध्वनी हाच त्याचा आत्मा!" सरांनी वर्गात हे जाहीर केलं, तेव्हा एसी इतका घरघरत होता की मागच्या तीन बाकांना काहीच ऐकू गेलं नाही. निशिगंधा पहिल्या बाकावर होती. म्हणून वर्गाच्या वार्षिक फिल्मच्या आवाजाचं काम तिच्या गळ्यात पडलं.

शूटिंग नौपाड्यात नंदाकाकूंच्या घरी झालं होतं. काकूच नायिका. शेवटच्या दृश्यात त्या मुलाचा फोन ठेवतात आणि खुर्चीत नुसत्या बसून राहतात. एडिटिंगला बसल्यावर निशिगंधाला कळलं, की तुकडे जोडले की प्रत्येक सांध्यावर आवाज ठेच लागल्यासारखा अडखळतो. सर म्हणाले, प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते. ती तीस सेकंद रेकॉर्ड कर आणि सांध्यांखाली अंथर. शुक्रवारी पाचपर्यंत फिल्म जमा झाली नाही, तर वर्ष गेलं.

तीस सेकंद शांतता. ठाण्यात. तीही नवरात्रात.

तिने टेंभी नाक्याच्या देवीला साकडं घातलं: फिल्म पार पडू दे, नऊ दिवस संध्याकाळच्या आरतीपर्यंत नुसत्या पाण्यावर राहीन.

बुधवारी सकाळीच ती नौपाड्यात हजर झाली. काकूंनी खिचडीची बशी पुढे केली, हिने नवस सांगितला, बशी आत गेली. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. फ्रिज पुन्हा लावायला विसरू नये म्हणून सरांनी शिकवल्याप्रमाणे स्कूटरची किल्ली फ्रिजमध्येच ठेवली. काकू खुर्चीत बसल्या. निशिगंधा समोर पाटावर, रेकॉर्डर तान्ह्या बाळासारखा पोटाशी धरून, कानांवर हेडफोन.

बाराव्या सेकंदाला गुर्र झालं.

पाण्याचा पंप असणार. काकूंनी सेक्रेटरींना सांगून पंप थांबवला. गुर्र. लिफ्ट थांबवली. चौथ्या मजल्यावरची मंडळी जिन्याने गेली, तीसुद्धा चपला हातात घेऊन. तरी गुर्र.

मग संशय वर गेला. वरच्या मजल्यावर काळुराम भोईर राहत, आणि त्यांच्यासोबत मोत्या नावाचा म्हातारा कुत्रा. रेकॉर्डर चालूच ठेवून, स्टुलावर सोडून, निशिगंधा विनंती करायला वर गेली. परत येऊन ऐकते, तर ती वर होती तेवढा तुकडा नितळ. काकूंनी मध्येच शेंगा सोलायला घेतल्यामुळे तो कामाचा नव्हता, ही गोष्ट वेगळी. पण पुरावा मिळाला. ती समोर उभी होती तोवर मोत्या गप्प होता.

"मोत्या?" ती पुन्हा वर गेली तेव्हा काळुराम म्हणाले. "दात पडल्यापास्नं तो कुणावर गुरगुरला नाय, पोरी."

पण त्यांनी पोरीच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि गुरुवारी मोत्याला रिक्षात घालून कल्याणला बहिणीकडे सोडून आले. आठ वर्षांत पहिल्यांदाच ते एकटे जेवले, असं त्यांनी काकूंना दोनदा सांगितलं.

शुक्रवार, दुपारचे तीन. इमारत इतकी गप्प, की भिंतीवरचं घड्याळ अपराधी वाटू लागलं. काकूंनी ते उतरवून गोधडीत गुंडाळलं. काळुराम दारात अनवाणी उभे. दहा सेकंद झाले. वीस झाले. निशिगंधाने डोळे मिटून घेतले. पंचवीस.

गुर्र.

तिने हेडफोन काढले. मग म्हणाली, की वर्ष गेलं तर जाऊ दे, पण घरी काय सांगू.

"मोत्या तर कल्याणला हाय," काळुराम हळूच म्हणाले.

आज घड्याळही नसल्यामुळे ते गुर्र काकूंना हेडफोनशिवाय ऐकू आलं होतं. चष्म्यावरून त्या काही क्षण पोरीकडे बघत राहिल्या. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या, बाहेर आल्या, निशिगंधाच्या हातातला रेकॉर्डर काढून स्टुलावर ठेवला आणि तिच्या मांडीवर बशी ठेवली.

"काळुराम, मोत्याला घेऊन या. आणि तू गं, देवीची समजूत मी घालते. आधी एवढी खिचडी खा, मग ते बटण दाब."