कपाट हलेना

“एवढा जोर लावतोय, तरी तसूभर हलत नाही. तू ओढतेयस ना गं?” कपाटामागून नवरा करवादला.

तीन वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेलेल्या थोरल्याची ती खोली, आता धाकटीला अभ्यासाला द्यायची होती. नवरा आतून कपाट ढकलत होता आणि मी दाराकडून ओढायचं, असं ठरलं होतं.

फिजिक्सची वही मांडीवर घेऊन धाकटी कधीची खोळंबली होती. शेवटी वैतागून तिने वहीत एक चौकोन काढला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांवर रोखलेले सारख्या लांबीचे बाण.

“बाबा, आई ओढत नाहीये. तीपण ढकलतेय, तुमच्याकडे. जोर सारखा, दिशा उलटी. बेरीज शून्य.”

कपाटामागचा जोर थांबला.



“अगं, तो आता परत यायचा नाही.”